रिलीजमध्ये जुनी डॉक्युमेंटेशन जाऊ नये म्हणून काय करायचं

हे काम गिटमध्ये टॅग (रिलीजच्या व्हर्जनची खूण) मारायच्या आदल्या दिवशी करायचं, रिलीजच्या सकाळी नाही. रीडमी, इन्स्टॉल, चेंजलॉग, मॅन पेज (टर्मिनलमध्ये वाचायचं मॅन्युअल) आणि डॉक्स फोल्डर, एवढं समोर घ्या.

आधी गिट ग्रेप (रेपोतल्या, म्हणजे प्रोजेक्टच्या गिट फोल्डरमधल्या, फायलींत शब्द शोधणारी कमांड) मारून जुन्या खुणा काढा: मागचा व्हर्जन नंबर, बदललेल्या ब्रांचचं नाव, बंद पडलेल्या लिंका. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला तरी ‘२.७ वर चालेल’ असं अजून सापडतं. पाच-दहा मिनिटांत होतं हे.

आता खरी मेख इन्स्टॉल फाइलची. सगळे सांगतात, रिलीजआधी एकदा नजर टाका. नजर टाकून काही कळत नाही हो, कारण आपल्या लॅपटॉपवर सगळं आधीपासून बसवलेलं असतं आणि फाइलीत जे राहिलंय ते आपण मनातल्या मनात भरून वाचतो. गणेश चवथीच्या आठवड्यात आम्ही डिचोलीच्या एका क्लायंटला बिलिंगचं रिलीज दिलं, फाइल मी दोनदा वाचली होती. तिथल्या मुलाने नव्या मशीनवर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं, आमच्या फाइलीतली तिसरी ओळ होती ‘सुडो पिप इन्स्टॉल’ (पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं टूल), आणि तिथेच एरर आली. डेबियन १२ मध्ये सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट पॅकेज टाकू देत नाहीत, व्हेन्व, म्हणजे पॅकेजेससाठी पायथनची वेगळी जागा, बनवावी लागते. आम्ही स्वतः वर्षभर व्हेन्वच वापरत होतो, फाइलीत तेवढं लिहायचं राहिलं. त्याने नेटवर शोधून ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ हा फ्लॅग लावला आणि सिस्टिमची पॅकेजेस बिघडवून ठेवली. फोनवर म्हणाला, “सर, तुमच्या फायलीत होतं तसंच करत गेलो मी.” त्याचं काहीच चुकलं नव्हतं. गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाने भरलेल्या कदंबाच्या बसमध्ये उभ्याने म्हापशाहून डिचोली गाठली मी, आणि संध्याकाळपर्यंत मशीन परत उभी केली.

तेव्हापासून मी असंच करतो. डॉकरच्या कंटेनरमध्ये (मशीनवरच्याच एका वेगळ्या, बंद जागेत) कोरं डेबियन घ्यायचं, त्यात फक्त तयार टार फाइल (रिलीजच्या फायलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं) टाकायची. रेपो माउंट करायचा नाही, नाहीतर तुमची लोकल कॉन्फिग गुपचूप आत येते आणि टेस्ट पास झाल्यासारखी दिसते. आत तुम्ही रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) असता, म्हणून एक साधा यूजर बनवून त्याच्या नावानेच सगळं चालवा, परमिशनचे घोळ तिथेच दिसतात. मग फाइलीतली ओळ न् ओळ जशीच्या तशी पेस्ट करायची, एक अक्षर हाताने सुधारायचं नाही. शक्य असेल तर हे दुसऱ्या कुणाला तरी करायला द्या आणि बाजूला गप्प बसा. तो जिथे अडून तुमच्याकडे बघेल तिथे तोंडी उत्तर देऊ नका, ते उत्तर फाइलीत लिहा, कंटेनर उडवा आणि पहिल्या ओळीपासून परत. माझ्या एका रिलीजला चार फेऱ्या लागल्या होत्या.

‘शेवटचा बदल’ ही तारीख नुसती पुढे ढकलून फाइल तशीच सोडणारे लोक मला अजिबात पटत नाहीत, समोरचा त्या तारखेवर विश्वास ठेवून काम करतो. जो भाग तपासायला वेळ नाही तो सरळ काढून टाका. माहितीच नसेल तर माणूस फोन करून विचारतो, चुकीची असेल तर स्वतःची मशीन घालवून बसतो.

मॅन पेज हाताने लिहू नका, हेल्पटूमॅन वापरा, प्रोग्रामच्या हेल्पमधूनच बनतं. चेंजलॉगला वर नवीन नोंद, बस.

टीमपुरत्या जुन्या नोट्स रेपोत ठेवायच्या असतील तर गिटॲट्रिब्यूट्स फाइलीत त्यांना एक्सपोर्ट इग्नोर लावा, गिट आर्काइव्ह (टार बनवणारी कमांड) त्या टारमध्ये घेणार नाही. पण ती ओळ टॅगच्या आधी कमिट झालेली हवी, कारण आर्काइव्ह टॅगमधलीच गिटॲट्रिब्यूट्स वाचतं. आणि अपलोड करायच्या आधी रेपो नाही, टार फाइल उघडून आतली यादी बघा.