जुना स्टर्नड्राइव्ह आणि खारं पाणी: दुरुस्तीत या चुका टाळा

बोट वळवली की मागून घरघर येते, सरळ केली की थांबते. मालक सांगतो, "बेअरिंग गेलंय, नवीन टाका." बेअरिंग खरंच गेलेलं असतं. पण ते कशाने गेलं हे न बघता नवं ठोकलं, तर पुढच्या हंगामात तीच घरघर परत येते आणि खर्च दुप्पट होतो. खाऱ्या पाण्यातल्या जुन्या ड्राइव्हवर काम करताना मी आधी एवढंच विचारतो: पाणी आत शिरलं कुठून?

स्टर्नड्राइव्हची रचनाच तशी आहे. इंजिन बोटीच्या आत, आणि गिअर व पंखा असलेला भाग, म्हणजे लेग, बाहेर पाण्यात. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये ही पद्धत बाजारात आणली, तेव्हापासून तिचा नाजूक भाग एकच: दोघांना जोडणाऱ्या शाफ्टवरचा रबरी बेलो. दिसायला पेटीच्या भात्यासारखा. हा भाता फाटला की आतला युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टचा वळणारा सांधा), त्यामागचं शाफ्टला आधार देणारं गिंबल बेअरिंग आणि शेवटी बोटीचा तळ, सगळीकडे पाणी पोचतं.

मागे एक बोट आली होती, बेअरिंग वर्षभरापूर्वीच दुसरीकडे बदललेलं. लेग उतरवला आणि बेलोतून कपभर लालसर पाणी खाली सांडलं. बेलो वरून बघितला तर ठणठणीत. घड्या बोटांनी ताणून बॅटरी मारली तेव्हा तळाकडच्या एका घडीत नखाएवढी चीर सापडली. शेजारी बार्नॅकलचं (बोटीला चिकटून वाढणाऱ्या समुद्री जीवाचं) पांढरं, धारदार कवच चिकटलेलं. लेग वळला की ते रबरात रुतत होतं. आधीच्या माणसाने काम मन लावून केलं होतं, फक्त घड्या उघडून बघितल्या नव्हत्या.

म्हणून लेग उतरवलाच आहे तर जुना बेलो परत चढवू नका, रबराचे पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही. घड्यांमधली कवचं पत्र्याने खरवडू नका, लाकडी पट्टी वापरा. किनाऱ्यावर बोट ठेवताना लेग खाली सोडा, म्हणजे बेलो ताणलेला राहत नाही आणि लेगमधलं पाणीही निथळतं. बेअरिंग बदलल्यावर इंजिन शाफ्टच्या सरळ रेषेत आहे का ते अलाइनमेंट बारनेच, म्हणजे त्यासाठीच्या सरळ दांड्यानेच, तपासा. बार हाताने सहज आतबाहेर सरकला पाहिजे. हातोडीने घालावा लागत असेल तर इंजिनचे माउंट जुळवा, नाहीतर कपलरचे (शाफ्ट इंजिनला जोडणाऱ्या भागाचे) दाते खाल्ले जातील. माउंट जुळवूनही लाइन टिकत नसेल तर माउंटखालचं लाकूड कुजलंय का ते टोचून बघा. जुन्या बोटीत हे नेहमीचं आहे.

दुसरी चूक गिअर ऑइलची. तळाचा स्क्रू काढला आणि ऑइल दुधाच्या चहासारखं आलं, तर ते बदलून काम संपत नाही. आधी पंखा काढा. त्याच्या मागे मासेमारीचा तंगूस गुंडाळला जातो आणि ऑइल सील कापतो, वरून काहीच दिसत नाही. मग लेग रिकामा करून हवेच्या दाबाची चाचणी घ्या. सुरुवात कमी दाबाने करा, कारण जास्त दाबाखाली काही सील घट्ट बसतात आणि गळती लपते. शाफ्ट हाताने फिरवत राहा, साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठे येतात ते बघा. नवं ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि पातळी खोटी दिसते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घाला.

इंजिन तापू लागलं की सगळे इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र, बदलतात. मर्क्रुझरच्या अल्फा ड्राइव्हमध्ये तो लेगमध्येच असतो, त्यामुळे कामही मोठं. जुन्या इम्पेलरचं एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, तो पुढच्या कूलरमध्ये नाहीतर नळीत अडकलेला असतो. इम्पेलर चांगला निघाला तर एक्झॉस्टचे रायझर (धूर आणि थंड करणारं पाणी बाहेर नेणारे वरचे पाइप) उघडा. समुद्राच्या पाण्यावरच थंड होणाऱ्या इंजिनात ते आतून गंजून बुजतात, आणि पुढे भिंत झिजली की इंजिन बंद असताना पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. पाच-सहा वर्षं झालेल्या रायझरवर मी भरवसा ठेवत नाही. स्टार्टर मारल्यावर इंजिन एकदम अडलं, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकेल. सगळे स्पार्क प्लग काढा आणि बघा, पाणी तिथे दिसेल.

गोड्या पाण्याने धुताना दोन मिनिटांत नळ बंद करू नका. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत ब्लॉकमध्ये गोडं पाणी नीट फिरतच नाही, मीठ आतच राहतं. आणि पाणी चालू केल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, कोरडा इम्पेलर थोड्याच वेळात जळतो.

लेगवर पांढरी पूड येऊन रंग फुगायला लागला की आधी झिंक, म्हणजे लेगऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, बघा. अर्धं झिजलं की बदला. त्यावर रंग मारला तर ते मेलंच. नवं लावल्यावर मल्टिमीटरने लेग आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यातला रेझिस्टन्स बघा, एक ओहमच्या आत हवा. जास्त आला तर अर्थिंगची वायर गंजलेली आहे आणि झिंक नुसतंच लटकलंय. खाडीत बोट असेल तर झिंकच्या जागी अॅल्युमिनियमचा अॅनोड (तसाच झिजणारा तुकडा) घ्या. पावसाळ्यात पाणी गोडसर झालं की झिंकवर थर चढतो आणि ते काम थांबवतं. मॅग्नेशियमचा खाऱ्या पाण्यात लावू नका. तांब्याचा अँटिफाउलिंग (कवचं चिकटू न देणारा) रंग अॅल्युमिनियमच्या लेगवर कधीच नको, आणि साफ करायला लोखंडी तारेचा ब्रशही नको, त्याचे कण धातूत रुतून तिथेच नवा गंज सुरू करतात.

एका बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. पेट्रोल इंजिनला गाडीचा स्टार्टर, अल्टरनेटर किंवा कार्ब्युरेटर लावायचा नाही. दिसायला तेच असतं, स्वस्तही मिळतं. पण बोटीच्या तळात पेट्रोलची वाफ साचते आणि गाडीच्या भागातून उडालेली ठिणगी बाहेर येऊ शकते. मरीनचे भाग त्यासाठीच बंदिस्त केलेले असतात. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (तळातली वाफ बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा आणि तळाचा वास घ्या.

पावसाळ्यासाठी बोट वर घेतली की शाकारण्याआधीच गिअर ऑइल काढून रंग बघा आणि बेलोच्या घड्या उघडा. जुन्या ड्राइव्हचे सील आणि बेअरिंग मागवून यायला आठवडे लागतात, आणि ऑगस्टच्या शेवटी दुधाळ ऑइल सापडलं तर हंगामाची सुरुवात हातची जाते.