दुसरा भाग अंधारा निघाला, तर गटात त्यावर बोलायचं कसं

माझं नाशिकच्या इंदिरानगरला मेडिकलचं दुकान आहे. रोज कुणीतरी काउंटरवर हात टेकून म्हणतं, "ताई, बरं वाटत नाही, काहीतरी द्या." मग मी विचारते: कुठं दुखतंय, कधीपासून, काय खाल्लं होतं? आमच्या वाचनकट्ट्यावर एखाद्या कादंबरी-मालिकेबद्दल "पहिला भाग मस्त होता, दुसरा फार काळा आहे, नाही आवडला" असं कुणी म्हणालं की मला तेच गिऱ्हाईक आठवतं. एवढ्यावर औषध देता येत नाही आणि चर्चाही होत नाही.

आम्ही आठ जण. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाचला माझ्या घरी जमतो. वाचणं कुणाचं इंग्रजीत, कुणाचं मराठीत, बोलणं मात्र मराठीतच. या हिवाळ्यात अमेरिकी लेखिका अर्सुला ले ग्विन यांची अर्थसी मालिका घेतली. पहिली कादंबरी १९६८ची. एका तरुण जादूगाराची, बेटाबेटांवरून बोटीनं फिरणारी. ती सगळ्यांना आवडली. दुसरी, 'द टूम्स ऑफ अटुआन', १९७१ची, आणि तिच्यावरची आमची पहिली बैठक साफ फसली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "लेखिकेला स्वतःच्याच नायकाचा कंटाळा आलेला दिसतो." माझा भाचा म्हणाला, "काका, तुम्हाला ते कळलंच नाही." काका पुढच्या महिन्यात आले नाहीत. मी चिवडा घेऊन त्यांच्या घरी गेले, तेव्हा कुठे परत आले.

म्हणून पहिला नियम असा की "कळलं नाही" हे शब्द बैठकीत बंद. "पुरस्कार मिळालाय" हेसुद्धा बंद. या पुस्तकाला १९७२ साली न्यूबेरी ऑनर हा मुलांच्या पुस्तकांसाठीचा अमेरिकी सन्मान मिळाला होता आणि भाच्यानं ते तीनदा ऐकवलं. अशी माहिती चहा झाल्यावर सांगायची, त्याआधी नाही.

खरं काम बैठकीच्या आधी सुरू होतं. पुस्तक वाटतानाच प्रत्येकाला कागदाच्या पाच-सहा पट्ट्या द्या. मी बिलाच्या उरलेल्या रोलच्या फाडते. वाचताना जिथं पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं, तिथं पट्टी घालायची. कारण लिहायची गरज नाही. पेन्सिलची खूण नकोच, निदान नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या प्रतीवर तरी. ती संस्था १८४० पासूनची आहे, तिनं आपल्यासारखे बरेच वाचक सोसलेत.

बैठकीत सुरुवातीला मत विचारू नका. पट्ट्या कुठं आहेत ते विचारा आणि कागदावर मांडा. पानांचे आकडे आवृत्तीप्रमाणे बदलतात, म्हणून प्रकरणाचा क्रमांक घ्या. आमच्या काकांसाठी दुसऱ्यांदा बसलो तेव्हा हे केलं आणि मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पाच जणांच्या पट्ट्या पहिल्या चार प्रकरणांत पसरलेल्या होत्या. पहिल्या भागातला तो जादूगार दुसऱ्या भागात दिसतो पाचव्या प्रकरणात! तोवर गोष्ट एका मुलीची आहे. लहानपणीच आईवडिलांपासून नेलेली, नाव काढून घेतलेली, वाळवंटातल्या थडग्यांची पुजारीण केलेली. म्हणजे या पाच जणांचं दुखणं काळोखाचं नव्हतंच. ओळखीचा माणूस येईना, याची ती रुखरुख होती. काकांनी पट्टीकडे बघून स्वतःच कबूल केलं, "मी त्याची वाट बघत होतो हो."

उरलेल्या तिघांपैकी दोघांची पट्टी फक्त तिसऱ्या प्रकरणात, एकाच प्रसंगावर निघाली. तिथं ती मुलगी पुजारीण म्हणून कैद्यांच्या मरणाचा हुकूम देते. अन्नपाणी तोडून, अंधारात. नंतर तिलाच त्याची स्वप्नं पडतात. हे दोघे खरोखर काळोखालाच अडखळले होते. त्यांना "पुढे जादूगार येतो" असं सांगून काय उपयोग? त्यांच्याशी वेगळं बोलावं लागलं: तो हुकूम तिनं दिला नसता, तर पुढे तिच्या बदलण्याला वजन आलं असतं का? एकीनं "हो, आलं असतं" म्हटलं आणि ती अजूनही त्यावर ठाम आहे. असू दे.

आठव्या व्यक्तीच्या पुस्तकात पट्टीच नव्हती. ही माझी मैत्रीण, अंबडच्या कारखान्यात कामाला. भुयारात दिवा न्यायला मनाई आहे, ती पुजारीण भिंतीला हात लावून, वळणं मोजत चालते, हा भाग तिनं दोनदा वाचला. एकदा रात्रपाळीत लाइट गेली तेव्हा ती मशीनपासून दारापर्यंत पावलं मोजत आली होती, ते तिला आठवलं. असं काही निघालं की पुढचा प्रश्न विसरा आणि त्या माणसाला बोलू द्या. आमची पंधरा मिनिटं त्यातच गेली आणि ती त्या संध्याकाळची सगळ्यात चांगली पंधरा मिनिटं होती.

पट्ट्या झाल्या की एक गोष्ट तपासा: हा दुसरा भाग स्वतः पूर्ण आहे की मोठ्या गोष्टीचा मधला तुकडा? टोल्कीन यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' एकच कादंबरी म्हणून लिहिली होती, प्रकाशकांनी ती तीन खंडांत काढली. दुसरा खंड नोव्हेंबर १९५४चा. त्याच्या पहिल्या अर्ध्यात नायक फ्रोडो नाही आणि शेवटी तो शत्रूच्या हाती सापडतो. तिसरा खंड आला ऑक्टोबर १९५५मध्ये. त्या वाचकांचं अकरा महिने काय झालं असेल! अशा खंडाला "शेवट निराशाजनक आहे" म्हणणं म्हणजे मध्यंतरात उठून नाटकाला नावं ठेवणं. पण 'अटुआन'ला ही सूट देऊ नका. ती गोष्ट तिथल्या तिथे पूर्ण होते, तेव्हा तिचा शेवट पटला की नाही हे सरळ विचारा.

कुणीतरी हमखास म्हणतं, "जादूच्या गोष्टीत एवढं दुःख कशाला?" त्यावर आपल्याकडचं उदाहरण हाताशी ठेवा. बालकांडात लग्न लागतं, अयोध्याकांडात वनवास आणि दशरथाचा मृत्यू. महाभारतात आदिपर्वानंतर सभापर्व, म्हणजे द्यूत. पंचवटी तर तिसऱ्या कांडात येते, आणि तिथं काय झालं ते नाशिककरांना सांगायला नको. फक्त हे उदाहरण एकदाच द्या. भाच्यानं पुन्हा पुन्हा दिलं तेव्हा काका म्हणाले, "मी अयोध्याकांडही दुसऱ्यांदा वाचत नाही, बाळा." यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

गटात शाळकरी मूल असेल तर त्याच्या आईला आधी सांगा. "फार काळं आहे" असं नको. नेमकं काय आहे ते सांगा: लहान मुलगी घरापासून तोडली जाते, कैदी उपाशी ठेवले जातात. मग तिनं ठरवावं. एका ताईंची तेरा वर्षांची मुलगी अशीच मध्येच येऊन बसली होती. कैद्यांचं तिला फारसं काही वाटलं नाही. नाव काढून घेतलं, याचा मात्र फार राग आला.

ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांना शेवटच्या अर्ध्या तासात स्वयंपाकघरात चहाला पाठवा. रहस्य फुटत नाही आणि चहाही होतो.

मतं लिहून ठेवायची तर चांदण्या देऊ नका. साडेतीन चांदण्या म्हणजे काय, ते सहा महिन्यांनी देणाऱ्यालाही सांगता येत नाही. प्रत्येकाकडून एकच वाक्य घ्या, त्यात "मी" आणि प्रकरण दोन्ही हवं. काकांचं वाक्य आमच्या वहीत असं आहे: "पाचव्या प्रकरणापर्यंत मी सोसलं, पुढे वाचलं." भाच्याला हे अपुरं वाटतं. त्याचं स्वतःचं वाक्य अडीच पानांचं झालं होतं, ते मी परत दिलं.

पुढचा भाग घ्यायचा का, हे त्याच दिवशी हात वर करून ठरवा, नाहीतर ते फोनवर महिनाभर चालतं. आमच्यात पाच विरुद्ध तीन पडलं. तिसरा भाग संक्रांतीनंतर घेणार आहोत. काकांचा हात खाली होता, पण जाताना त्यांनी पुस्तक कुणाकडे मिळेल ते विचारलं, आणि बिलाच्या चार पट्ट्याही मागून नेल्या.