बहावा, गुलमोहराचं बी पेरण्याआधी त्याचं कवच बघा

बहावा सध्या पिवळ्या घोसांनी लगडलाय आणि त्याच फांद्यांवर गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगाही लोंबताहेत. रोपं करायची तर त्या शेंगा आत्ताच उतरवा. हलवल्यावर आत बी वाजतं अशाच घ्या, हिरव्या शेंगा झाडावरच राहू द्या. आतला काळा गर चिकट असतो. बी पाण्यात चोळून धुवा, सावलीत वाळवा, भोक पडलेलं टाकून द्या.

बहावा, गुलमोहर, शिरीष, पर्जन्यवृक्ष या साऱ्यांच्या बियांचं कवच इतकं टणक, की पाणी आत शिरतच नाही. तसंच पेरलं तर दोन-चार रोपं लवकर वर येतात आणि बाकीचं बी महिनोन्महिने मातीत पडून राहतं. बी खराब निघालं म्हणून लोक रोपांच्या पिशव्या उपड्या करतात, तेव्हा फार वाईट वाटतं. बी चांगलंच असतं, फक्त त्याला पाणी मिळालेलं नसतं.

पाणी उकळून भांडं चुलीवरून खाली उतरवा, मग त्यात बी टाका. बी चुलीवर उकळू नका, मरेल. पाणी आपसूक निवू द्या आणि बी 24 तास भिजत ठेवा. टम्म फुगलेलं बी त्याच दिवशी पेरा. न फुगलेलं पुन्हा गरम पाण्यात घाला. शे-दोनशेच बी असेल तर मी नेलकटरच पसंत करतो: बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं ते टोक सोडून दुसरीकडे कवचाला बारीकशी चीर द्यायची आणि रात्रभर भिजवायचं. काही रोपवाटिकांत गंधकाम्ल (सल्फ्युरिक ॲसिड) वापरतात. घरच्या घरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

कडुनिंबाचं मात्र अगदी उलटं. पावसाच्या तोंडाला पिकलेल्या निंबोळ्या गोळा केल्या की गर काढून लगेच पेरा. दोन-तीन आठवड्यांत त्यांची उगवण झपाट्याने घटते, त्यामुळे पुढच्या वर्षासाठी साठवण्यात अर्थ नाही. ताम्हणाचं बी पातळ, पंखाचं. त्याला गरम पाणी नको आणि खोल पेरणीही नको. वर चाळलेल्या मातीचा हलका थर पुरे.

पिशवीत दोन भाग पोयटा माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत भरा. बुडाशी भोकं हवीतच. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल पेरा आणि झारीने सकाळी पाणी द्या. माती सतत चिकचिकीत राहिली की मर लागते आणि कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. म्हणून पावसाळ्यात पाणी साचेल अशा जागी पिशव्या मांडू नका.

रोपं वाढू लागली की महिन्या-दीड महिन्याने पिशव्या उचलून जागा बदला. नाहीतर सोटमूळ पिशवी फोडून जमिनीत घुसतं आणि विक्रीच्या वेळी पिशवी उचलताना तुटतं. रोपं पुढच्या जूनला द्यायची असतील, तर महिनाभर आधीपासून त्यांना हळूहळू उन्हाची सवय लावा. गुलमोहर नेणाऱ्याला तो घराच्या भिंतीजवळ किंवा विजेच्या तारांखाली लावू नका, असं आवर्जून सांगा. त्याची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ असतं, वादळात फांद्या मोडतात. सावली आणि फुलं दोन्ही हवी असतील, पण जागा अंगणापुरतीच असेल, तर त्याच्या हातात बहावा द्या.