सालाची बेगमी: मृगाआधी घर कसं भरावं

महागाई वाढली की सल्ले सुरू होतात: चहात साखर कमी घाला, बाहेरचं खाणं सोडा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या घरांची रीत वेगळी होती. ताटातलं कमी करण्याआधी ती घरं खरेदीची वेळ बघायची. सुगीत माल उतरला की घ्यायचा, वाळवून भरून ठेवायचा, आणि आषाढात दुकानाची पायरी तेला-साखरेपुरती चढायची. कोठीला जागा नाही आणि वेळ नाही म्हणून ही सवय सुटली. फ्लॅटमध्येही ती बऱ्यापैकी जमते.

आधी महिनाभर मोजा

अंदाजावर पोती घेऊ नका. स्वयंपाकघरात एक माप ठरवा, वाटी असो की जुनं मापटं, आणि रोज किती काढलं याच्या रेघा कॅलेंडरवर मारा. महिन्याअखेर एकदा त्या मापातला तांदूळ वजनकाट्यावर घाला. चौघांच्या घरात रोज अर्धा किलो तांदूळ लागत असेल तर वर्षाचे साधारण १८० किलो होतात. तूरडाळ रोज १०० ग्रॅम धरली तर ३६ किलो. पाहुणे आणि सणवार यांसाठी वर थोडं धरा, फार नको. पहिल्या वर्षी निम्म्याच मालाची बेगमी करा. राखायला जमतंय का, ते त्यात कळेल.

पैसे एकदम लागत नाहीत

लोक इथेच घाबरतात. पण सुगी एका दिवसात येत नाही. भात दिवाळीनंतर, तूर संक्रांतीच्या आगेमागे, मिरची आणि चिंच शिमग्याच्या सुमारास, जोंधळे-गहू पाडव्याच्या आसपास, आमसुलं मे महिन्यात. गुऱ्हाळं थंडीत चालू असतात तेव्हाच गुळाच्या ढेपा घ्याव्यात. खर्च असा सहा-सात महिन्यांवर पसरतो. जूनमध्ये मुलांची फी, वह्या-पुस्तकं, छत्र्या हे सगळं एकदम अंगावर येतं, तेव्हा निदान धान्याचा बोजा नसतो. भिशी असेल तर आपला नंबर माघ-फाल्गुनात लावून घ्या. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये येत असतील तर त्यातले हजार वेगळे ठेवा, पण त्याच्या भरवशावर पोत्याचा शब्द देऊ नका. हप्ता मागेपुढे होतो.

आणि बेगमीसाठी कर्ज काढायचं नाही. शेकडा दोन रुपये महिना व्याज म्हणजे वर्षाला २४ टक्के. धान्याच्या भावातला फरक इतका क्वचितच असतो.

घ्यायचं कुठून

बेळगाव शहरातलं ठोक दुकान म्हटलं की रविवार पेठ. तिथे जाण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर आणि पिठावर ५ टक्के जीएसटी बसला. सुटं धान्य आणि २५ किलोहून मोठं पोतं त्यातून सुटलं. दुकानात २६ किलोचं विचित्र पोतं दिसतं ते यामुळेच. पाच-पाच किलोच्या चकचकीत पिशव्या घेणारा कर भरतो, वर पिशवीचे पैसेही देतो.

त्याहून बरं म्हणजे थेट शेतकऱ्याकडून घेणं. येळ्ळूरच्या बाजूला बासमती, खानापूरकडे इंद्रायणी, पूर्वेला सौंदत्ती-बैलहोंगलच्या काळ्या मातीत जोंधळे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या बसचं तिकीट शून्य आहे. गल्लीतल्या दोघी-तिघींनी जाऊन माल बघून यावा, दाणे दाताखाली फोडावेत, भाव ठरवावा. पोती मात्र बसमधून आणायच्या भानगडीत पडू नका. चार घरांनी मिळून एक टेंपो करा, भाडं वाटून घ्या. कोल्हापूर किंवा चंदगडकडे जायचं असेल तर हे शून्य तिकीट चालत नाही, ते कर्नाटकच्या हद्दीपुरतंच.

भावात किलोमागे निदान दहा टक्क्यांचा फरक पडत नसेल तर मी तरी पोतं उचलणार नाही. टेंपो, वाळवणं, थोडीफार नासाडी यांत तेवढं जातंच.

भरणी: खरं काम इथे आहे

बेगमी बुडते ती किडीपायी. किडीला ओल लागते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच ओल असते. अति पावसाच्या कणकुंबी-जांबोटीकडची तर गोष्टच सोडा. सोंड्याची, म्हणजे धान्य पोखरणाऱ्या किड्याची, अंडी बहुधा दाण्याच्या आत, माल घरी येतानाच आलेली असतात. वरून डबा कितीही घट्ट लावला तरी महिन्याभरात आतून किडे निघतात ते त्यामुळे.

पहिलं काम निवडणं आणि चाळणं. फुटका दाणा आणि भुसा राहिला की कीड तिथूनच सुरू होते.

दुसरं वाळवणं. जोंधळे, गहू आणि अख्खी कडधान्यं चैत्र-वैशाखाच्या उन्हात दोन-तीन दिवस पातळ पसरा. दाणा दाताखाली कडकन फुटला तर वाळला. दबला किंवा चिकटला तर अजून एक दिवस ऊन द्या. कडधान्याला भुंगा फार लवकर लागतो. त्यासाठी काळ्या ताडपत्रीवर पातळ थर घालून वर पारदर्शक प्लास्टिक टाका आणि कडा विटांनी दाबा. दुपारी आतली उष्णता इतकी चढते की भुंगाही मरतो आणि अंडीही. तांदूळ मात्र कडक उन्हात कधीच घालू नका, दाण्याला चिरा जातात आणि शिजवताना कणी होते. तो सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा.

तिसरी पायरी बरेच जण गाळतात. उन्हातून काढलेलं धान्य रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम धान्य डब्यात गेलं की झाकणाच्या आतून घाम सुटतो आणि आठ दिवसांत कुबट वास येतो.

मग भरा. पत्र्याची कोठी धुऊन, कडक उन्हात तापवून, गार करून घ्या. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचं तोंड आवळून बांधलं तर फारच चांगलं. हवा आत गेली नाही की किडे गुदमरतात. कोठी काठोकाठ भरा, अर्धी रिकामी ठेवू नका. खाली फळी किंवा विटा आणि भिंतीपासून वीतभर अंतर हवं. आणि रोज मोठी कोठी उघडायची नाही. पंधरा दिवसांचं, पावसाळ्यात महिन्याचं, धान्य छोट्या डब्यात काढा, मोठीचं तोंड लगेच बांधा.

आता औषधांचं. कडुलिंबाचा पाला चालतो, पण सावलीत खडखडीत वाळवलेला. हिरवा घातला तर तुम्हीच ओल आत सोडली. गव्हाला आणि तूरडाळीला एरंडेल चोळा, किलोला एक लहान चमचा पुरतो, वापरताना धुतलं की जातं. चवळी, मूग राखेत ठेवायची पद्धतही चांगली, राख चाळलेली आणि कोरडी असावी. बिब्बे घालायचे तर फडक्यात बांधून, कारण तेल हाताला लागलं की फोड येतात. बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या खाण्याच्या धान्यात नकोच. आणि गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात अजिबात आणू नका. ओल लागली की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे जीव त्याने गेले आहेत.

तांदळासाठी सगळ्यात चांगला उपाय जुनाच आहे: तांदूळ साठवायचा नाही, भात साठवायचं. तूस असेपर्यंत दाण्याला कीड सहज शिवत नाही. गावाकडे भाऊबंद असतील, किंवा ओळखीचा शेतकरी असेल, तर पैसे देऊन भात त्याच्याच कणगीत राहू द्या आणि दोन-तीन महिन्यांनी लागेल तसं गिरणीत घाला. १०० किलो भाताचे साधारण ६० ते ६५ किलो तांदूळ निघतात, भाव ठरवताना हा हिशेब आणि गिरणीचा खर्च दोन्ही धरा. शिवाय भात जुनं झालं की तांदूळ शिजवताना जास्त फुगतो. नव्या तांदळाचा चिकट गोळा ज्यांना आवडतो त्यांची गोष्ट वेगळी.

तिखट

तयार तिखटाच्या पुड्या आणि घरचं तिखट यांच्या खर्चाची तुलना एकदा करून बघाच. रंगासाठी ब्याडगी, ती हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली आणि कमी तिखट. जाळासाठी आपल्या हुक्केरी तालुक्यातली संकेश्वरी. किलोभर ब्याडगीला पाव किलो संकेश्वरी घेतली तर मध्यम तिखट होतं, झणझणीत हवं तर अर्धा किलो. मिरची घेताना मुठीत दाबून बघा. कुरकुरली पाहिजे, लवचिक असेल तर वजन वाढवायला पाणी मारलेलं असू शकतं. दोन दिवस ऊन देऊन मगच देठं काढा.

डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीत, सकाळी लवकर जा आणि कांडून होईपर्यंत तिथेच थांबा. आधीच्या गिऱ्हाइकाची मिरची आपल्यात येते, आपली पुढच्याच्यात जाते. वर्षाचं म्हणून फक्त कोरडं तिखट करा, बरणीत मध्ये मध्ये खडा हिंग घाला. कांदा-लसणाची चटणी तीन-चार महिन्यांपुरतीच करावी. कांद्यात जरा पाणी राहिलं की पावसाळ्यात बुरशी धरते, आणि खोबरं खवट होतं ते निराळंच.

वीज आणि गॅस, थोडक्यात

कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज फुकट असली तरी प्रत्येक घराची मर्यादा आधीच्या वापरावरून ठरते, आणि २०० ओलांडले की सगळ्या युनिटचं बिल येतं. म्हणून महिन्याच्या विसाव्या दिवशी मीटर वाचा. अंगण किंवा परस असेल तर आंघोळीला बंब पेटवा. नारळाची सोडणं, करवंट्या, वाळकी काटकं यांवर चार जणांचं पाणी तापतं आणि गीझरचे युनिट वाचतात. डाळ-कडधान्य भिजवून मगच कुकरला लावा. वरण, भात आणि बटाटे एकाच वेळी.

काय भरू नये

रवा, मैदा, बेसन, शेंगदाण्याचं कूट, पोहे: यांची बेगमी करू नका, महिन्याचंच आणा. शेंगा मात्र टरफलासकट ठेवल्या तर टिकतात. गोडेतेलाचे डबे स्वस्त मिळाले म्हणून चार-चार रचू नका. ब्राऊन राईसला तर दोन-तीन महिन्यांतच खवट वास येतो, कारण कोंड्यातलं तेल.

कोठी भरून झाली की झाकणावर चिकटपट्टी लावून माल, महिना आणि वजन लिहा. पावसाळ्यात मोठी कोठी महिन्यातून एकदाच, उघडिपीच्या दिवशी दुपारी उघडा. आत हात खुपसून बघा: धान्य कोमट लागलं तर कीड चालू आहे, त्याच दिवशी सगळं बाहेर काढा. ऊन नसेल तर तव्यावर न भाजता जोंधळे सरळ गिरणीत द्या आणि पीठ आठ दिवसांत संपवा. दसऱ्याआधी घर काढताना उरलेल्या धान्याला ऑक्टोबरचं ऊन दाखवून परत भरा. ते नवं भात येईपर्यंत पुरतं.