गिरिपुष्प बांधावर लावताय? मग एवढं बघा
गिरिपुष्प म्हणजे आपलं ग्लिरिसिडिया, फांदीपासून लावणार असाल तर कोवळी हिरवी काडी घेऊ नका, सडते ती. अंगठ्याहून जाड, करड्या सालीची जून फांदी घ्या साधारण मीटरभर, खालचं टोक तिरकं कापा आणि पावसाच्या तोंडावर वीतभर खोल गाडून माती पायाने गच्च दाबा, कारण खुंट हलला की नवीन फुटलेली मुळं तुटतात. वारा जास्त असेल तिथे बियाणंच बरं, रात्रभर भिजवून पेरायचं, बियांच्या झाडाचं मूळ खोल जातं. छाटणी कमरेएवढ्या उंचीवर ठेवा, नाहीतर झुडपाचं सरळ झाड होतं आणि पिकावर सावली. पाला फुलं यायच्या आधी कापून मातीत मिसळा, शेंगवर्गीय आहे म्हणून नत्र भरपूर आणि पानं पटकन कुजतात, युरियाचा खर्च थोडा तरी वाचतो. ताज्या पाल्याच्या वासाने शेळ्या तोंड फिरवतात, तेव्हा अर्धा दिवस सुकवून दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्या. घोड्याला अजिबात नको. आणि हो, बिया-साल उंदीर मारायला वापरतात, त्यामुळे शेंगा पोरांच्या हाती लागू देऊ नका.