मांजरी धरण्याआधी माणसांची तयारी

गावातल्या मांजरींची नसबंदी करायची ठरली की सगळे पिंजऱ्याच्या मागे लागतात. पिंजरा नंतर. आधी एका संध्याकाळी सगळे चहाला बसा आणि जे बोलायला जड जातं ते बोलून घ्या: पोट उघडल्यावर मांजर गाभण निघाली तर काय? मांजरीचे दिवस जेमतेम दोन महिन्यांचे, सुरुवातीला पोट दिसतही नाही. डॉक्टर ऑपरेशन थांबवून विचारतात, उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. ताई म्हणते राहू द्या, भाऊ म्हणतो करून टाका, आणि त्यावरून धरलेला अबोला पोळ्यापर्यंत टिकतो. म्हणून निर्णय आधीच घ्या आणि त्या दिवशी डॉक्टरांशी बोलणाऱ्या एकाच माणसाचा नंबर दवाखान्यात देऊन ठेवा.

मग रोज खाऊ घालणाऱ्या मावशींकडे जा. आदल्या रात्री त्यांनी ताटली ठेवली तर मांजर पिंजऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पण 'खाऊ घालू नका' असा हुकूम ग्रुपवर सोडायचा नाही. घरी जाऊन सांगा की भुलीआधी पोट रिकामं लागतं, नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच आणा. पिल्लांना मोठ्यांइतकं ठेवत नाहीत. आणि पिंजरा मावशींच्याच हाताने लावू द्या. मांजरी त्यांच्या हाकेला येतात, अध्यक्षांच्या नाही. आमिषाला बाजारातले सुके बोंबील पुरतात.

गाडीवाल्याचे पेट्रोलचे पैसे निघण्याआधी द्या. तालुक्यात सोय नसेल तर थेट नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जावं लागतं. खर्च त्याचा आणि फोटोत दुसरेच, हे एकदाच खपतं. वर्गणी एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, पावत्यांचे फोटो त्याच रात्री ग्रुपवर. एप्रिल-मेमध्ये हा कार्यक्रम टाळा. टाळता आला नाही तर पहाटेच निघा. पिंजऱ्यावर पातळ जुनं लुगडं टाकलं की मांजर शांत राहते.

मांजर अडकली की पिंजऱ्याबाहेरूनच तिचं पोट बघा. आचळं फुगलेली आणि भोवतालचे केस झडलेले असतील तर पिल्लं कुठेतरी पऱ्हाटीच्या ढिगात आहेत. तिला सोडून द्या, पुढच्या वेळी बघू. इथेच उत्साही पोरं पिल्लं उचलून आणतात, गाईचं दूध पाजतात आणि हगवण लावून बसतात. पिल्लांची आई परत येईपर्यंत दुरून नजर ठेवायला एखादा धीराचा माणूस नेमा.

चावली किंवा बोचकारली तर लपवायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठून रेबीजच्या लशीचं विचारायचं. 'काही नाही होत' म्हणणारा एक तरी असतोच. त्याला गाडीवर बसवून कोण नेणार, तेही ठरवा.

सोडताना गोठ्यावाले काकाजी सांगतील, पोत्यात घाला आणि जिनिंगमागे टाकून या. ऐकू नका. जिथून धरली तिथेच सोडायची. उपासमार होईल असा प्राणी टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांच्या मुलाला आधीच सांगून ठेवा. काकाजी मुलाचं ऐकतात. भुलीतच कानाचं टोक कापून घ्यायची आठवण डॉक्टरांना करा, म्हणजे पुढच्या खेपेला तीच मांजर पुन्हा धरून आणली जात नाही. आणि पिंजरा धुऊन कोणाच्या घरी राहणार, त्याचं नाव वहीत लिहा.