ऑनलाइन व्यवसायासाठी कोणती साधने, कोणत्या क्रमाने घ्यावीत

वेबसाइटचे रंग आणि लोगो नंतरही बदलता येतात. डोमेन (म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता), ईमेल आणि ग्राहकांची यादी मात्र एकदा हातातून गेली की परत मिळवताना नाकी नऊ येतात. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

१. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. साइट बनवून देणारा माणूस अनेकदा सोयीसाठी डोमेन आपल्याच खात्यात नोंदवतो. पुढे बिनसले तर तुमच्या दुकानाची किल्ली त्याच्याकडे राहते. डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे खाते स्वतः उघडा, आपोआप नूतनीकरण आणि ट्रान्सफर लॉक (डोमेन परस्पर दुसरीकडे हलवू न देणारे कुलूप) दोन्ही चालू ठेवा. या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल मात्र देऊ नका. मुदत संपून डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद, मग पासवर्ड बदलण्याची लिंक येणार कुठे? डॉट कॉम नाव रद्द झाल्यावर सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात, पण त्यासाठी भरपूर जादा शुल्क भरावे लागते.

२. ईमेल नीट पोहोचतो का, ते तपासा. गूगल वर्कस्पेस, झोहो मेल, मायक्रोसॉफ्ट ३६५ यांपैकी कोणतेही चालेल. खरे काम पुढे आहे: डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंगमध्ये, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करायच्या. मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आला आहे, हे त्यांवरून पडताळता येते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या आहेत; पण छोट्या व्यवसायानेही त्या कराव्यातच, नाहीतर बिले आणि ऑर्डरची पोचपावती स्पॅममध्ये जाण्याची भीती असते. तपासणी सोपी आहे. एखाद्या जीमेल पत्त्यावर मेल पाठवा, तो संगणकावर उघडून तीन टिंबांच्या मेनूतले ‘शो ओरिजिनल’ दाबा. तिन्हींसमोर ‘पास’ दिसले पाहिजे.

३. मग साइट. वस्तू विकायच्या आहेत आणि हाताशी तांत्रिक माणूस नाही, तर शॉपिफाय घ्या. दरमहा पैसे जातात, पण डोकेदुखी कमी. लेख, अभ्यासक्रम आणि पूर्ण ताबा हवा असेल तर साइट बनवायला वर्डप्रेस आणि त्यावर दुकान चालवायला वूकॉमर्स. ही दोन्ही मोफत आहेत, मात्र होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), अपडेट आणि बॅकअप तुमच्या गळ्यात. साइट आणि ग्राहक यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी सहसा वेगळे पैसे मोजायची गरज नाही, लेट्स एन्क्रिप्टचे फुकट मिळते.

४. पेमेंट. ग्राहकाचा कार्ड क्रमांक स्वतःकडे कधीही साठवू नका, ते काम पेमेंट गेटवेवर, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेवर सोडा. स्ट्राइप असो वा पेपल, निवडण्याआधी तीन गोष्टी विचारा: तुमच्या देशात पैसे खात्यात जमा होतात का, किती दिवसांनी होतात, आणि रिफंड दिल्यावर कापलेले शुल्क परत मिळते का. दुकान उघडण्यापूर्वी स्वतः एक छोटी खरेदी करून तिचा रिफंडही करून पाहा.

५. बॅकअप होस्टिंगच्या बाहेर ठेवा. वर्डप्रेससाठी अपड्राफ्टप्लस हे प्लगइन गूगल ड्राइव्हवर किंवा ड्रॉपबॉक्सवर प्रत पाठवते. तिच्यावरून एकदा रिकाम्या जागी साइट उभी करून बघा. जोवर हे केलेले नाही, तोवर त्या बॅकअपवर मी विसंबणार नाही.

६. मोजमाप. साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारे गूगल सर्च कन्सोल पहिल्याच दिवशी जोडा. साइटवर येणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये तपशीलवार माहिती मुळात २ महिनेच राहते, ती मुदत सेटिंगमध्ये जाऊन १४ महिने करा.

हिशेबाचे सॉफ्टवेअर तुमच्या लेखापालाला विचारून घ्या. सगळे पासवर्ड बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी लावा आणि रिकव्हरी कोड कागदावर छापून कुलपात ठेवा. ग्राहकांची यादी दर महिन्याला सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारा साधा तक्ता) म्हणून उतरवून घ्या.